मामानं पाठवलेलं सीर

भोगीला आमच्या कुंभकोणमात जुनं-मोडकं घराबाहेर काढतात. यंदा मी गार पाण्याचा डिस्पेन्सर काढला. पॉलिटेक्निकात वीज शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे शॉक देणाऱ्या वस्तूचे मी लाड करत नाही. नळाला बोट लावलं की कोपरापर्यंत मुंग्या यायच्या. मी प्लग काढला, टाकी रिकामी केली आणि कोणी परत लावू नये म्हणून वायर मुळापासून कापली.

"भंगारवाल्याला देऊ नकोस," मी धाकट्या भावाला, करणला, बजावलं. "आत गॅस आहे, तो फोडून ठेवेल. ई-कचरा घेतात तिथंच दे."

"होय गे अक्का. म्या काय कुक्कुलं बाळ आहे?"

संध्याकाळी येऊन त्यानं दिल्याचं सांगितलं, वर माझी शपथही घेतली.

दुसऱ्या दिवशी पोंगल. माझ्या लेकीचं, सुष्मिताचं, लग्नानंतरचं पहिलंच. तिच्या सासरी, तिरुविडैमरुदूरला, माहेरचं सीर, म्हणजे सणाची भेट, गेलं: तांदूळ, गूळ, ऊस, पितळेचं भांडं. मामाच्या वाट्याचं सीर करण आपलं आपण देऊन आला. मला कौतुकच वाटलं त्याचं.

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरातला डिस्पेन्सरचा रिकामा कोपरा ओला राहू लागला. पुसला, पुन्हा ओला. वर नळ नाही, मागे पाइप नाही. मधूनच तिथं गुडगुड व्हायची, बाटलीत हवा शिरताना होते तशी. ओल्या फरशीला टेस्टर टेकवला तर त्याचा दिवा लागला. मेन बंद केला, तरी लागलेलाच. मी टेस्टर बदलला, तर नवाही लागला. टेस्टर खोटा असेल, फरशी कशी खोटी असेल?

शुक्रवारी दुपारी सुष्मिताचा फोन आला. पूजेसाठी ती ओलेत्या साडीत, मडीत, म्हणजे सोवळ्यात, होती. "थांब हां आई, जरा पाणी घेतें," ती म्हणाली. इकडे माझ्या कोपऱ्यात गुडगुड झाली.



"कशातून घेतेस गं पाणी?"

ती हळूच म्हणाली, "मामा म्हणाले, आईला सांगू नको. नवी वायर घालून दिलीय गे त्यांनी. सासूबाईंपुढं माझा मान राहिला."

सख्ख्या भावानं माझी शपथ घेऊन केसानं गळा कापला. आणि पोटच्या पोरीनं त्याला साथ दिली! मला रडू आलं, पण रडायला वेळ कुठला?

"ओल्या अंगानं हात लावू नकोस त्याला! मेन बंद करायला सांग."

"आज सकाळपासून लाइटच नाही आई. तरी पाणी बघ कसं गार येतंय."

करणला गाडीत कोंबलं आणि निघाले.

"अक्का, दुकानात दाखवूनच घेतलं म्या," तो पुटपुटला. "चालतं यंत्र टाकायचं कशाला?"

"अर्थिंग जोडलं का?"

"दोन पिनांचीच वायर होती दुकानदारापाशी."

"तोंड बंद कर मेल्या. तुझी भाची अनवाणी, ओल्या कपड्यात उभी राहते तिथं."

 पोचल्यावर तो घरात आला नाही, पायरीवरच थांबला.

ओसरीवर सुष्मिताच्या सासूबाई, राजेश्वरीअम्मा, वाती वळत होत्या. "शिवू नका हो तिला, मडी आहे," त्या म्हणाल्या.

आत डिस्पेन्सर उभा होता. आमचाच. त्याला हळदकुंकू लावलेलं. प्लग भिंतीतून काढून वर टांगलेला होता. सुष्मिता दारातच उभी होती, ठणठणीत. माझा जीव भांड्यात पडला.

"राग येऊ दे, पण बोल तरी आई," ती म्हणाली.

 वायर पुन्हा कापून टाकावी म्हणून पर्समधून पक्कड काढली आणि वाकले.

मनगटाला गार, ओली बोटं पडली. घट्ट.

"सुष्मिता, सोड."

 मुंग्या खांद्यापर्यंत चढल्या.

"सोड म्हणते ना!"

"म्या इथं आहें, आई."

मान वळवून पाहिलं. ती अजून दारातच होती. दोन्ही हातांनी पदर पिळत.

शॉक बसला की आपली मूठ आपोआप आवळते, हे मी जन्मभर शिकवलं. पक्कड खाली पडली होती. माझी मूठ उघडीच होती; आवळत होती ती मनगटावरची बोटं.