रोलरवाल्याचा चहा

गारा सुरू झाल्या तशी जिपारने तंबूच्या दारावरचा लोकरीचा जाड नमदा खाली ओढला, आणि तेवढ्यात कुणीतरी तो बाहेरून वर उचलला. डोक्यावर कोट धरलेला एक उंच तरुण वाकून आत आला.

"दोन मिनिटं थांबू का? माझ्या गाडीला छप्पर नाही."

जिपारने बाहेर डोकावलं. घाटरस्त्याच्या कडेला रस्ता दाबायचा पिवळा रोलर उभा होता. गारा त्याच्या पत्र्यावर ताशा बडवत होत्या.

"ही गाडी?" तिला हसू आवरेना. "बिश्केकला पोचेपर्यंत तुमचं लग्नाचं वय निघून जाईल की."

"म्हणून तर वाटेतच थांबतो."

जिपारच्या हातातला घुसळायचा दांडा पखालीतच राहिला. मग सावरून तिने वाडगा भरला. घोडीचं दूध, धुरावलेल्या पखालीत घुसळून घुसळून आंबवलेलं. सुसामीरच्या कुरणावर कुणी आलं की आधी हातात कुमीस द्यायचं, नाव मागाहून विचारायचं. त्याने वाडगा दोन्ही हातांनी घेतला, ओठांपर्यंत नेला... वास घेतला, आणि हळूच खाली ठेवला.

"चहा मिळेल?"

"चहा? तुम्ही किर्गिझच ना? की घाटात बदललात?"

"पोट जरा... नाजूक आहे."

"अरे देवा! एवढा मोठा रोलर, आणि पोट नाजूक!"

पण तिने चहा दिला. तो कपावरून तिच्याकडे बघत सावकाश पीत राहिला. गारा कधी थांबल्या ते दोघांनाही कळलं नाही. निदान तसं दोघांनीही दाखवलं.

त्याचं नाव मेदेर. दुसऱ्या दिवसापासून रोलर तंबूसमोरच घुटमळायला लागला. पुढे जायचा, मागे यायचा, पुन्हा पुढे.

"एवढाच तुकडा किती गुळगुळीत करणार?" जिपार धारेची चरवी कमरेवर घेऊन ओरडायची. "बाकीचा रस्ता काय सावत्र आहे का?"

"इथे एक खड्डा राहिलाय."

"कुठे? मला नाही दिसत."

"तुला कसा दिसेल... तुझ्याच गालावर आहे."

ती तोंड फिरवायची, आणि खळी आणखीच खोल व्हायची.

एके दुपारी, घोड्या ओढ्यावर गेल्या होत्या तेव्हा, तिने सहज विचारलं, "पण रोलरच का रे? जवान माणसाने ट्रक चालवावा."

"चालवायचो." मेदेर गवताची काडी सोलत बसला. "पिऊन चालवला. दरीत घातला. मी वाचलो, मेंढ्या भरलेल्या होत्या त्या नाही वाचल्या. मालक म्हणाला, ह्याला वेगाचं काही द्यायचं नाही." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "पोट नाजूक नाहीये, जिपार. मी दारुडा आहे. सुटलेला... म्हणजे सुटत असलेला."

ती त्याच्याजवळ सरकली. मग त्याच्या बाहीवर बोट टेकवून म्हणाली, "पण कुमीस म्हणजे काय दारू आहे होय? आमच्याकडे बाळंसुद्धा पितात."

"बाळांना थांबता येतं गं."

हे वाक्य तिने ऐकलं, तिला ते आवडलंही. पण समजून घेतलं नाही. प्रेमात पडलेल्या पोरी ऐकतात कमी आणि बघतात जास्त.

आणि तिला तरी कशाला दोष द्या? आमच्याकडे पिणाऱ्याला कुणी 'का' म्हणून विचारत नाही. लग्नात लोळला, उचलून गाडीत टाकलं, झालं. मयतात लोळला, दुःख झालं बिचाऱ्याला. पण एखाद्याने ग्लास उपडा ठेवू दे, सगळी पंगत त्याच्यावर तुटून पडते. आजारी आहेस का? मुल्ला झालास का? बायकोला भितोस? आमचा अपमान करतोस? माणूस पाण्यातून बाहेर यायला धडपडतो आणि काठावरचे त्याचा हात धरून म्हणतात, बस की रे जरा, एवढी काय घाई!

गवत सोनेरी व्हायला लागलं तेव्हा मेदेरला घेऊन त्याची आई मागणी घालायला आली, रुमालात चांदीची कर्णफुलं बांधून. ती मुलीच्या कानात घातली की सोयरीक पक्की. तंबूत शेजारीपाजारी दाटले. जिपारचे वडील, असानबेक, यांनी स्वतः वाडगा भरला आणि जावयापुढे धरला.

"घे. माझ्या घोड्यांचं आहे."

"बाबा... मला चहा चालेल."

हसणं थांबलं.

"त्याला पथ्य आहे हो," त्याची आई घाईघाईने म्हणाली. खरं बोलायची तिला लाज वाटली. लेक पितो हे तिने गावापासून जन्मभर लपवलं, आता सोडली हेही लपवत होती!

"कसलं पथ्य?" असानबेकचा आवाज चढला. "कुमीसाने क्षय बरा होतो म्हणतात, आणि ह्याला पथ्य? ज्याला माझ्या घरचं दूध चालत नाही त्याला माझी मुलगी कशी चालेल?"

वाडगा हवेत तसाच. मेदेरने जिपारकडे बघितलं. घामेजलेला, पण मान ताठ. तो 'नाही' म्हणणार होता, ते ओठांवर आलंच होतं. तिने फक्त एवढंच म्हणायचं होतं, बाबा, त्याला चहाच द्या. चार शब्द. पण तिला दिसत होती रुमालातली कर्णफुलं, शेजारणींचे डोळे, हातचं निसटणारं सगळं. तिने वडिलांच्या हातून वाडगा घेतला आणि त्याच्यापुढे धरला.

"पी ना... माझ्यासाठी. एकच घोट."

त्याने तिच्याकडे असं बघितलं की पुढे कित्येक वर्षं ती दचकून उठायची. मग वाडगा घेतला आणि तळापर्यंत रिकामा केला.

तंबूत एकच जल्लोष. "शाब्बास, जावईबापू!" कानात कर्णफुलं आली. आणि मेदेरने, कुणी न म्हणता, वाडगा पुन्हा पुढे केला.

रोलर रस्त्यावर तसाच उभा राहिला. आठवडा गेला, आणखी एक गेला. मग त्याची आई आली. ती रडली नाही, ओरडलीही नाही. "खालच्या टपरीत सापडला," म्हणाली. "मला ओळखलं नाही त्याने." आणि तिने कर्णफुलांकडे असं बघितलं, की जिपारने ती तिथल्या तिथे काढून ठेवली.

तो आला ते कुरणावरचा मुक्काम उठायच्या दिवशी. तंबूचे वासे उतरवून बांधत होते. गाल बसलेले, दाढी केलेली. पण डोळे स्वच्छ होते.

"परत सुरुवात केलीय," तो म्हणाला. "सांगायला आलो... रागावलेलो नाही."

"मला ने तुझ्याबरोबर." जिपारने त्याची बाही धरली. "शहरात राहू. घोडीचं दूध तुझ्या दृष्टीलाही पडणार नाही."

"कुमीसाचं काय घेऊन बसलीस? दोस्तांनी गळ घातली, मी नाही म्हणालो. मालकाने ग्लास पुढे केला, नाही म्हणालो. तुझ्या बाबांनाही नाहीच म्हणत होतो गं. तुझा हात पुढे आला, आणि..." त्याने बाहीवरच्या तिच्या हाताकडे बघितलं. "तू दिलंस तर मी विषही पिईन. पोरी ऐकून खूश होतात असं काही. मला त्याची भीती वाटते."

"मी पुन्हा कधीच नाही देणार! शपथ..."

"माहीत आहे. तुझा भरवसा आहे. माझा नाही. तुझ्यापुढे तर मुळीच नाही."

वारा सुकलेल्या गवतातून सरसरत गेला. तिने एकेक बोट सोडत त्याची बाही सोडली.

"मग जा. आणि वळून बघू नकोस. बघितलंस तर मी हाक मारीन."

"मारलीस तर मी येईन," तो म्हणाला.

तो उतार उतरू लागला. वळणापाशी त्याची पावलं मंदावली... मंदावली... जिपारचे ओठ आपसूक उघडले. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं, आणि तो दिसेनासा होईपर्यंत सोडलं नाही.