सहा किलोमीटर पुढची नोंद

मशीन खोटं बोलत नाही, असं सुभाष गॅरेजवर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. निजामपुऱ्याच्या आसपास ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स उघडणारा तो एकटाच, त्यामुळे लोक ऐकूनही घ्यायचे.

सोमवारी शाळेच्या शुभदाबाई गाडी घेऊन आल्या. चालता चालता गिअर चौथ्यावरून एकदम दुसऱ्यावर पडायचा आणि दणका बसायचा. सुभाषने स्कॅनर लावला. बिघाड झाला की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर त्या क्षणाची नोंद ठेवतो. नोंद होती ४८,६१२ किलोमीटरवरची, आणि गाडी धावली होती जेमतेम ४८,६००. स्कॅनरच येडा झालाय म्हणत त्याने नोंद पुसली, तेल बदललं आणि गाडी देऊन टाकली.

त्या संध्याकाळी कशेळीजवळ दणका बसला. बाईंनी तिथूनच फोनवर गाडीच्या मीटरवरचा आकडा वाचून दाखवला. ४८,६१२. सुभाषला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गाडी परत घेऊन आल्या, तेव्हा तिच्यात नवी नोंद होती. वेग चौऱ्याऐंशी. ब्रेक पूर्ण दाबलेला. लगेच खालच्या ओळीत वेग शून्य. किलोमीटरचा आकडा गाडीच्या सहा पुढे. त्याने तीनदा पुसली, तिन्ही वेळा ती परत आली.

मागे बाई त्यांच्या पाचवीतल्या लेकीला, दिशाला, घेऊन उभ्या होत्या. दोघींना रोज पडघ्याच्या शाळेत जायचं, हायवेवरून, कंटेनरांच्या मधून.

“गाडी आज न्हाय देत, बाई.”

“अरे, हिची परीक्षा आहे.”

“रिक्षानं जा. ऐका माझं.”

बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता किल्ली दिली.

त्या गेल्यावर त्याने डोकं लढवलं. चाकं हवेत फिरली तरी आकडा पुढे सरकतोच. मग ते सहा किलोमीटर इथेच संपवून टाकायचे. त्याने गाडी लिफ्टवर वीतभर उचलली आणि आत बसला. हवेतल्या चाकांना कोण आडवं येणार?

त्याने वेग चाळीसवर धरला. आठेक मिनिटं सगळं सुरळीत चाललं.

सहावा किलोमीटर संपत आला तसा त्याने पाय उचलला. वेग उतरला नाही.

साठ. सत्तर. चौऱ्याऐंशी.

ब्रेकचं पेडल आपोआप तळाला गेलं.

चाकं थांबली. दणका नाही, आवाज नाही.

त्याने स्कॅनर पाहिला. नोंद गेली होती. सुभाषला हसू आवरेना. त्याने बाईंना फोन लावला.

“पोचलात ना, बाई?”

“नाही रे, हायवेला ट्रॅफिकमध्ये अडकलोय. रिक्षा दहा मिनिटं जागची हलली नाहीये. आणि सुभाष, दिशा आत्ता एकदम रडायला लागली. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका लाल वळ उठलाय तिच्या. सीटबेल्ट रुतावा ना, तसा.”

“आणि तुम्हाला?”

पलीकडे हॉर्नच्या गोंगाटात पदर सरकवल्याची सळसळ ऐकू आली.

“मला उजव्या,” बाई म्हणाल्या.