पायलच्या गाडीचं टेकण

लोणावळ्याच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानावर माधवी ढोरेची खोली होती. खासगी तपासनीस अशी पाटी लावून नऊ वर्षं झाली होती आणि त्यातली आठ तिने लग्नाळू मुलामुलींच्या चौकशा करण्यात घालवली होती. कैलास तिचा मदतनीस. त्याआधी तो एकतीस वर्षं पोलिसात हवालदार होता. माणसांचा कंटाळा यावा इतकी माणसं त्याने दोन्हीकडे मिळून पाहिली होती.

घाईघाईने एक मुलगी आत आली तेव्हा त्याला जांभई आवरत नव्हती.

"चोरी झालीय," ती बसायच्या आधीच म्हणाली. "टेकण आणि दोन पायपाट्या गेल्यात."

कैलासने वहीत लिहिलं आणि पुन्हा वाचून पाहिलं. "खाटेच्या?"

"मोटरसायकलच्या."

मुलीचं नाव पायल ओव्हाळ. राहायला भाजे, नोकरी आंबीच्या एका कारखान्यात. वर्षाच्या सुरुवातीला तिने पहिली गाडी घेतली, जुनी क्रूझर. लांबलचक, बुटकी, पाय पुढे टाकून निवांत बसायची. मग आठ महिने ती त्या गाडीमागे वेडी झाली. हात आखूड म्हणून हँडल मागे घेतलं. पुण्याची नाना पेठ पालथी घालून सायलेन्सर आणला. पण खरा घोर होता मागच्या सीटचा. दिल्लीहून मागवलेली, मागच्याला पाठ टेकायची दोन टेकणं बसेनात, परत पाठवली. शेवटी कामशेतच्या प्रदीप मेकॅनिकने तिच्या वडिलांना स्टुलावर बसवून माप घेतलं आणि पाइप वाकवून टेकण घडवलं. पाय ठेवायच्या रुंद पाट्या आंबीच्या भंगारात सापडल्या.

"आबांना दसऱ्याला नागपूरला न्यायचंय, दीक्षाभूमीवर," पायल म्हणाली. "आजोबा छप्पन साली तिथं होते. आबांची चौतीस वर्षं रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये गेली, दसऱ्याची रजा कधी मिळाली नाही. मागच्या वर्षी पाठीचं ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी कसे असतील कुणास ठाऊक. परवा रविवारी निघायचंय."

"संशय कुणावर?" माधवीने विचारलं.

"शेजारचे बाजीराव. त्यांच्या पुतण्याला टेकण हवं होतं, मी नाही म्हटलं. उद्या सकाळी त्यांच्या नावाने तक्रार देणार आहे. आई म्हणते, आधी कुणाला तरी दाखव."

असल्या तक्रारीचं पुढे काय होतं हे कैलासला पाठ होतं. बाजीराव जमीनवाले. दोन घरं, मध्ये एक बांध आणि पुढची दहा वर्षं पाण्यावरून, वाटेवरून, गुरांवरून भांडण. त्याने गाडीची किल्ली उचलली.

भाज्यात ओव्हाळांच्या घरामागे पत्र्याची शेड होती. शहाबादी फरशीवर गाडी उभी होती. महागडा सायलेन्सर जागेवर, आरसे जागेवर. गाडीच्या बाजूला जमिनीवर एक रिकामं पोतं अंथरलेलं. शेडच्या कट्ट्यावर सहा बोल्ट ओळीने ठेवलेले, प्रत्येकावर त्याचा वायसर आणि नट परत चढवलेला, आटे तेलाने पुसलेले.

"चोर टापटिपीचा दिसतोय," कैलास म्हणाला.

"बोल्ट तू ठेवलेस?" माधवीने पायलला विचारलं.

"नाही. काल कंपनीच्या बसने कामावरून आले तेव्हा असंच होतं. पोतंसुद्धा. कशालाच हात लावू दिला नाही कुणाला."

शेडला लागूनच बाजीरावांचं भात उभं होतं. खाचरात अजून घोटाभर चिखल होता. माधवीने चिखल पाहिला, मग फरशी. फरशीवर धूळ होती आणि चाकाचे जुने डाग होते, चिखलाचं पाऊल नव्हतं.

पायलची आई हिराबाई पुढच्या ओट्यावर घेवडा निवडत होती. "काल दुपारभर मी हितंच बसले व्हते," ती म्हणाली. "भायेरनं मागं जायची वाट हीच. कुणी आलं न्हाई. शेतातनं कोण शिरला आसंल तर ठावं न्हाई."

"पायलचे आबा कुठं होते?"

"घरात पडून. आताशा लय पडून असत्यात."

पायलचे वडील नथूआबा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे होते. पाहुण्यांसाठी तीन खुर्च्या मांडल्या होत्या. कैलासने स्वतःची पुढे केली.

"ऱ्हाऊ द्या, पावणं. तुमी बसा." त्यांनी चहाही उभ्यानेच घेतला. जुनी माणसं अशीच मानमरातब सांभाळतात, असं कैलासला वाटलं.

"टेकण कसं होतं, आबा?" माधवीने विचारलं.

"गादीवर बसल्यागत. लेकीनं लय हुडकलं बगा."

"गेल्या रविवारी कामशेतपर्यंत जाऊन बघितलं," पायल म्हणाली. "येताना आबा लोकलने आले. जुने गँगवाले भेटले, त्यांच्याबरोबर येतो म्हणाले."

निघताना माधवी फाटकापाशी रेंगाळली. फाटक गंजकं होतं, पण बिजागरीच्या नटांना ताजं तेल होतं.

बाजीराव बांधावर गवत कापत होते. विषय ऐकून त्यांनी विळा खाली ठेवला.

"व्हय, मागितलं व्हतं. पण प्रदीपच म्हणाला, ह्ये त्याच चौकटीवर घडवलंय, दुसऱ्या गाडीला लागायचं न्हाई. मंग म्या इषय सोडला." ते बांधावर बसले. "आमचा म्हातारा गेला तवा नथूनं खांदा दिलता. आन् आता माज्यावर आळ व्हय?"

कैलासने वही खिशात घातली.

कामशेतला प्रदीपच्या गॅरेजमध्ये नट, बोल्ट, वायसर सगळे एकाच डालडाच्या डब्यात कोंबलेले होते. प्रदीप मशीनने नट सोडवत होता आणि सुटलेले नट फरशीवर उडत होते.

"ते टेकण दुसऱ्या कुठल्या गाडीला लागेल?" माधवीने विचारलं.

"नावच नको. भंगारातसुद्धा किलोवर जाईल."

"रविवारी आबा आले होते इथं?"

"आले होते. बाकावर बसा म्हटलं तर भिंतीला टेकून उभे राहिले. टोचतंय का विचारलं, तर म्हणाले, झकास आहे."

"आणि मग गँगवाले भेटले त्यांना?"

"गँगवाले? नाही बुवा. पायल पुढं गेली आणि आबा एकटेच स्टेशनकडे गेले. फार हळू चालत होते."

परतीच्या वाटेवर माधवी डोळे मिटून बसली होती. कैलासला वाटलं, झोपली.

"भाऊ, बाजीरावांनाही बरोबर घेऊ," ती डोळे न उघडता म्हणाली. "त्यांच्यासमोरच मिटायला हवं."

उन्हं कलताना पाचजण शेडपाशी जमले. कैलास धरून सहा.

"हा चोर विचित्र आहे," माधवीने सुरुवात केली. "हजारोंचा सायलेन्सर सोडला आणि दुसऱ्या कुठल्याच गाडीला न लागणारी वस्तू नेली. म्हणजे त्याला वस्तू नको होती. ती या गाडीवर असायला नको होती, एवढंच. शेतातून आला असता तर फरशीवर चिखल दिसला असता. पुढून आला असता तर हिराबाईंना दिसला असता. म्हणजे तो बाहेरून आलाच नाही, घराच्या मागच्या दाराने आला."

पायलने आईकडे पाहिलं. हिराबाई गोंधळून माधवीकडेच बघत होती.

"आता बोल्ट. चोर ते फेकून देतो. मेकॅनिक डब्यात टाकतो. वायसर लावून, आटे पुसून, नट परत चढवून कोण ठेवतं? एकही नट सुटा राहता कामा नये, असं ज्याच्या अंगात मुरलंय तो. फाटकाच्या नटांनाही त्याच हाताने तेल घातलेलं आहे. रुळांवर चौतीस वर्षं हेच केलेला हात."

"ते कसं शक्य आहे?" कैलास म्हणाला. "आबांना वाकता कुठं येतं?"

"येत नाही. म्हणून तर पोतं. आडवं पडून नट सोडवले." माधवीचा आवाज खाली आला. "नथूआबा, पुढचं तुम्ही सांगता?"

नथूआबांनी शेडच्या खांबाला धरलं.

"सरपणामागं ठिवलंय," ते म्हणाले. "कामशेत येईस्तवर कमरंखालचं सगळं बधिर झालं. उतरताना पाय हाय का न्हाई कळंना. मंग गँगवाल्यांचं निमित केलं. लोकलमदी उबं तरी ऱ्हाता येतं."

"आबा, मला का नाही सांगितलंत?" पायल म्हणाली.

"कुठल्या तोंडानं सांगू? धाकटं लेकरू खेळणं दाखवतं तशी तू रोज एक वस्तू आणून दाखवायचीस. आठ म्हैने. वाटलं, टेकण न्हाई म्हणल्यावर तूच म्हणशील, आबा, औंदा ऱ्हाऊ द्या." ते बाजीरावांकडे वळले. "तुमच्यावर जाईल आसं ध्यानात नव्हतं. चुकलो."

"जाऊ दे, नथू," बाजीराव म्हणाले. "पाय बग आदी."

पायलने तोंड फिरवलं. हिराबाई तिच्याजवळ गेली, पण हात लावायचा की नाही हे तिला ठरवता येईना. कैलासने अनेक चोरांना गुन्हा कबूल करताना पाहिलं होतं आणि दर वेळी त्याला बरं वाटलं होतं. आज त्याला फार वाईट वाटत होतं.

"किती वेळ बसवतं?" पायलने पाठमोरीच विचारलं.

"धा मिन्टं. फार तर."

तिने डोळे पुसले. मग सरपणामागे जाऊन टेकण आणि पाट्या काढल्या, कट्ट्यावरचा एक बोल्ट उचलला आणि पान्याने काम सुरू केलं.

"आगं, आता कशाला?" नथूआबा म्हणाले.

"मळवली स्टेशन दहा मिनिटांत येतं."

"आन् फुडं?"

"पुढं पुण्यापर्यंत लोकल, मग नागपूरची रेल्वे. आडवं पडून जायचं. तुमचा रेल्वेचा पास आहे, मी तिकिटासाठी उद्या पहाटेच खिडकीवर उभी राहते. गाडी स्टेशनवर ठेवू."

"म्या आणीन घरी," बाजीराव म्हणाले.

"आठ म्हैने केलंस, ते धा मिन्टांसाठी?" नथूआबांनी विचारलं.

"हो."

ती नट आवळत राहिली. नथूआबा थोडा वेळ तिचे हात बघत उभे राहिले. मग खांब सोडून, एकेक पाऊल टाकत गाडीजवळ गेले.

"पायल, टेकण जरा मागं झुकव," ते म्हणाले. "लय ताठ हाय. बसल्या क्षणापास्नं टोचत व्हतं."