सगळ्यात पुढचा हंडा

त्या दुपारी धोंडीराम सुंदररावांना चहा द्यायला म्हणून सोसायटीच्या ऑफिसात गेला. केजजवळच्या या पाणी सोसायटीत तो टाकीचा व्हॉल्व्ह सांभाळायचा. संगणकातून चिठ्ठी निघाली, की चिठ्ठीवरच्या वस्तीचा टँकर भरायचा. दुष्काळ असा, की बोलताना जीभ टाळूला चिकटायची. त्याच्या लेकीच्या, पारूच्या वस्तीला तीन दिवस पाणी नव्हतं. आजचा टँकर तिकडचा होता.

सुंदरराव शहरातून आलेले. संगणकात चोर कुठून शिरेल, हे आधीच खोटी चोरी करून बघायचं, हे त्यांचं काम. सोसायटीच्या यादीची नक्कल त्यांनी आपल्या लॅपटॉपवर घेतली होती. तो कशालाच जोडलेला नव्हता.

"काका, तुम्ही चोर असता तर कसे शिरला असता?"

धोंडीराम हसला. "लई सोपं हाय, साहेब. बाया हंडे ठेवून नंबर लावत्यात न्हवं? त्यात आपला एक रिकामा हंडा सरकवायचा. हंड्याला कोन इचारतं, तू कुनाचा म्हनून?"

"म्हणजे यादीत खोटी वस्ती! नाव सांगा, जिथं कुणीच राहत नाही असं."

"पाचपिंपळ," धोंडीराम बोलून गेला. त्याचं जन्मगाव. बहात्तरच्या दुष्काळात उठलेलं. त्याची आई तेवढी उठली नाही. हंडा घेऊन नंबरातच बसून राहिली.

यादीनं पाचपिंपळ निमूट आत घेतलं. भोक सापडलं. साहेबांनी ते खऱ्या यादीतही बुजवलं, नकलेतली खोटी वस्ती पुसली.

तेवढ्यात कोपऱ्यातलं सोसायटीचं चिठ्ठ्या छापायचं मशीन कुरकुरलं. चिठ्ठी आली. खोलीत शेवाळाचा गार वास पसरला.

साहेबांनी हळूच वाचलं, "पाचपिंपळ. नंबर एक. हंडे... एक." त्यांनी मशीनची वायर उपटली. "मी तर लॅपटॉप कुठं जोडलाच नव्हता..."

"फाडू नगा, साहेब. येकच तर मागतंय..."

चिठ्ठी खिशात ठेवून धोंडीरामानं पारूच्या टँकरमधून एक हंडा भरून घेतला आणि लिंबाखाली ठेवला. टँकर गेला. ऊन उतरलं. हंडा रिकामा होता, खालची माती कोरडीठाक. खिशातल्या चिठ्ठीवर अंगठा उमटला होता, बाईमाणसाचा, अरुंद, नुसत्या पाण्याचा. त्या झळीतही तो वाळेना.

दुसऱ्या दुपारी, वायर तशीच लोंबत असताना, मशीन पुन्हा कुरकुरलं.

"किती, साहेब?"

"दोन..."

धोंडीराम खाली बसला. बाहेर पारूचा टँकर भरत होता.

"साहेब," तो म्हणाला, "पाचपिंपळात चाळीस उंबरे व्हते..."