दुसरा श्वास

मिरजेच्या त्या वसाहतीत घरोघरी नवे राउटर बसवायचं काम कांचन आरवाडेने एकटीच्या हिमतीवर घेतलं होतं. सगळ्यात शेवटचा राउटर तिने आपल्या थोरल्या बहिणीकडे लावला. शैलजाअक्का सहासष्ट वर्षांची, भूगोल शिकवून निवृत्त झालेली, नवऱ्यामागे एकटी राहणारी. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून ती तीन तास फरशीवर पडून होती. तरी घरात कॅमेरा नको आणि मनगटाला पट्टा नको, यावर ती ठाम राहिली. राउटरला मात्र तिने हरकत घेतली नाही. भाचरांशी बोलायला बिनतारी जाळं तिला हवंच होतं.

हे नवे राउटर नुसते संदेश पोहोचवत नसत. राउटरच्या लहरी खोलीभर पसरतात, भिंतींतून क्षीण होऊन पलीकडे जातात, लोखंडी कपाटावर आपटून परततात. माणसाचं शरीर बहुतांशी पाणीच, त्यामुळे ते या लहरी शोषून घेतं. एका जागी बसलेल्या माणसाची छाती गव्हाच्या दाण्याएवढी वर-खाली झाली, तरी परतणाऱ्या लहरींत फरक पडतो. तो फरक वाचून खोलीत किती जण श्वास घेताहेत, हे नवा राउटर सांगू शके. या सोयीला नाव होतं श्वासवेध.

कांचनने अक्काला न विचारता श्वासवेध चालू केला आणि त्याची खबर आपल्या फोनवर घेतली. सकाळी उठल्यावर 'श्वास: एक' एवढं वाचलं, की तिला चहा गोड लागायचा.

महिनाभराने एका दुपारी फोनवर आलं, 'श्वास: दोन'. तीन ते पाच. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी तिने सहज विचारलं, तर अक्का म्हणाली की जेवून पडले होते.

कांचनला आधी यंत्राचा संशय आला. शेजारचा राउटर त्याच वाहिनीवर असेल, तर एका खोलीत दोघांनी एकदम बोलावं तशी लहरींची सरमिसळ होते. तिने अक्काच्या राउटरची वाहिनी बदलली. श्वास दोनच राहिले. मग लहरींचा जोर कमी केला, म्हणजे त्यांचा पल्ला शेजारच्या घरापर्यंत जाऊ नये. तरीही दोन. शिवाय दुसरा श्वास संथ होता, झोपलेल्या माणसाचा असावा तसा.

आता तिला भीती वाटू लागली. एकट्या बाईच्या घरात रोज दुपारी कोण येऊन झोपतं? राउटर तपासायचं निमित्त करून ती साडेतीनला अक्काच्या दारात उभी राहिली.

अक्काने दार उघडलं, तिच्या हातात वर्तमानपत्र होतं. खिडकीशी आरामखुर्चीत इक्बाल सतारमेकर डोळे मिटून बसले होते. जन्मभर सतारी घडवलेला हा सत्तरीचा विधुर सगळ्या गावाला ठाऊक होता. दृष्टी गेल्यापासून त्यांचं काम सुटलं होतं. चाहूल लागताच ते जागे झाले आणि ओशाळून म्हणाले, "बाई छान वाचतात. पण अग्रलेख आला की मला झोप लागते." मग काठी चाचपत, "येतो बाई," म्हणून निघाले. अक्का त्यांना जिन्याखाली सोडून आली.

"तुला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

राउटरचं निमित्त जिभेवर तयार होतं. पण बहिणीचा चेहरा पाहून कांचनने सगळं खरं सांगितलं. अक्काने उठून राउटरचं बटण बंद केलं.

"तू तीन तास फरशीवर पडून होतीस, अक्का. त्या तीन तासांत मी बाजारात साडीला पिको करून घेत होते." कांचन म्हणाली.

अक्का तिच्याजवळ बसली. लोकांची भीती नव्हती, असं ती सांगू लागली. त्यांचे लोक बोलतील, आपलेही बोलतील, त्याचं काही नाही. "पण हे नेमकं काय आहे, ते आधी आम्हा दोघांना कळू दे म्हटलं. ते आमच्याआधी तुझ्या फोनला कळलं गं."

कांचन रडली, तशी अक्काने पदराने तिचे डोळे पुसले, लहानपणी पुसायची तसेच जरा जोरात. मग उठून चहा टाकला. चहा पिता पिता तिने भूगोलाच्या बाईंसारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली. श्वास थांबला तरच खबर जाईल, एरवी काहीच नाही, असं करता येईल का?

कांचन म्हणाली, येईल. पण थांबला हे कळायला राउटरला आत सारखं मोजत राहावं लागेल, आणि ती नोंद उघडायचा पासवर्ड बसवणारीकडे, म्हणजे तिच्याकडेच राहील.

अक्काने थोडा विचार केला आणि आपल्या हाताने राउटर पुन्हा चालू केला. हिरवा दिवा लागला.

"म्हणजे दोन की एक, हे त्याला रोज कळणार आणि तो गप्प बसणार," ती म्हणाली. "यंत्र आहे, त्याला जमेल. कांचन, तुला जमेल का?"