चौथ्या मजल्यावरचं वजन

त्या प्रयोगशाळेत तिला सगळे नमुनाबाई म्हणत. रक्ताचे नमुने गोठवून दूरदूरच्या प्रयोगशाळांना पाठवायचे, हे तिचं काम. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात दुसराही अर्थ होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर नियमांच्या बाबतीत ती होतीच एक नमुना.

थर्माकोलच्या पेटीत तळाला नळ्या, भोवती आणि वर कोरडा बर्फ. झाकण हवाबंद करायचं नाही. या बर्फाचं पाणी होत नाही, वायू होतो, आणि त्याला वाट मिळाली नाही तर पेटी फुटते. बर्फाचं वजन बाहेर ठळक लिहायचं. टेपवर सही करायची. आणि लिफ्टमध्ये पेटीबरोबर माणसाने जायचं नाही, कारण बंद जागेत तो वायू श्वास कोंडतो. तळघरात पेटी लिफ्टमध्ये ठेवून 'आत बर्फ आहे, चढू नये' ही पाटी अडकवायची नि चौथ्या मजल्याचं बटण दाबायचं. वर जावक विभागातले काका ती उतरवून घेत, पुन्हा वजन करत आणि गाडीत चढवत.

एवढ्या वर्षांत खालच्या-वरच्या वजनात मूठभर बर्फाचाही फरक पडला नव्हता. या महिन्यात दोनदा पडला. खाली नऊ किलो, वर पाच. पहिल्यांदा काकांनी काट्याला दोष दिला, गाडी खोळंबली होती म्हणून पेटी तशीच रवाना केली. दुसऱ्यांदा नवा काटा होता, तरी तेच. दोन्ही वेळा वाटेतच बर्फ संपला आणि नमुने नासले.

दोन्ही पेट्यांत तिच्या दादाचं रक्त होतं. दादा गेल्या हिवाळ्यात गेला. आधी हात थरथरायचे, मग अंगाची नुसती आग आग व्हायची, सारखा बर्फ मागायचा, आणि शेवटपर्यंत डॉक्टरांना आजाराचं नाव काही सापडलं नाही. आता तिच्या चौदा वर्षांच्या लेकीच्या हातातला कप हिंदकळायला लागला होता. ज्या दूरच्या प्रयोगशाळेत या पेट्या जात, तिथे लेकीचं रक्त आधीच पोचलं होतं; ती मामा-भाचीचं रक्त ताडून पाहणार होती. तोच आजार निघाला तर औषध लगेच सुरू होणार होतं. दादाच्या तीन नळ्या जपून ठेवल्या होत्या. दोन वाया गेल्या. उरली एक.

तिचा संशय साहजिकच काकांवर गेला. कोरडा बर्फ उघड्या हाताने धरला तर चटका बसतो, म्हणून ती येता-जाता काकांची बोटं न्याहाळू लागली. त्यांच्या डब्याची पिशवी जड वाटते का, तेही बघू लागली. चार दिवसांनी काकांनी आपले दोन्ही तळवे तिच्यासमोर टेबलावर पसरले.

"बघा, बाई. डाग आहे का कुठे? आणि टेपवर सही तुमची असते. ती कधी फाटलेली दिसली का तुम्हाला?"

दिसली नव्हती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटची पेटी दोघांनी मिळून जिन्याने न्यायची, असं तिथेच ठरलं.

भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, दोघं पेटी धरून निघाली. पहिल्या मजल्यावर पोचतात तोच लिफ्टचं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. पाटी मात्र अडकवलेली होती. बाईने ती सकाळीच खाली कपाटात ठेवली होती.

दुसऱ्या मजल्यावरही तेच झालं. या वेळी आतून ऊन हवेचा झोत आला, आणि त्यात घाम नि स्पिरिटचा, आजाऱ्याच्या खोलीत कोंडून राहतो तसा वास होता.

"कोणीतरी बटणं दाबतंय..." काका पुटपुटले. पण त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच पटला नसावा.

तिसऱ्या मजल्यावर दार आधीच उघडं होतं. बाई थांबली. तिने आत पाहिलं नाही, पायरीकडेच बघत राहिली.

"दादा... ही शेवटची आहे. पोरीसाठी आहे रे."

बऱ्याच वेळाने दार मिटलं. वर काट्यावर बर्फ नऊ किलो भरला.

आठ दिवसांनी पत्र आलं. नमुना उत्तम स्थितीत पोचला होता. मात्र यादीत एक नळी असताना पेटीत दोन निघाल्या होत्या. दुसरी गोठलेलीच नव्हती, रक्त ताजं होतं, आणि तिच्यावर दादाचं नाव नि पेटी भरली त्या दिवसाची तारीख होती. असंच ताजं रक्त आणखी एक नळी मिळालं, तर निदान पक्कं होईल, असं लिहिलं होतं.

ती पेटी बाईने एकटीने भरली होती. तिने पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. भीती तर वाटतच होती, पण लेकीच्या काळजीपुढे त्या भीतीचं काही चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी काका रजेवर होते. दुपारी तिने पेटीत नुसता बर्फ भरला, नऊ किलो. टेप लावली, सही केली, पेटी लिफ्टमध्ये ठेवून पाटी अडकवली. बटण दाबताना ती हळूच म्हणाली, "दादा, आणखी एक लागेल रे..." आणि जिन्याने धावत सुटली.

चौथ्या मजल्यावर दार उघडलं, तेव्हा तिला पेटी एका हाताने सहज उचलता आली. टेप जशीच्या तशी होती. आत बर्फाचा खडाही नव्हता; तळाला एक नळी होती, आणि ती तळहाताला कोमट लागत होती. बाईला रडूच फुटलं. डोळे पुसून तिने नळीवरची चिठ्ठी वाचली. तारीख आजची होती. नाव दादाचं नव्हतं, लेकीचं होतं.

तिने घरी फोन लावला. लेकीनेच उचलला. शाळेला सुट्टी होती, जेवून झोपली होती, आत्ताच उठत होती. बरी आहेस ना, असं बाईने तीनतीनदा विचारलं. बरीच होती ती, फक्त थोडी पेंगुळलेली.

"आई, मी झोपले होते तेव्हा घरात कोण आलं होतं?" ती म्हणाली. "माझ्या कोपरापाशी कुणीतरी कापूस चिकटवलाय... अजून ओला आहे."