टॉवरवरच्या माणसाची नाडी

वैद्यकीय दाखला नाकारला गेला, तेव्हा कल्लाप्पा घरी न जाता थेट राजाबाईंकडे आला.

राजाबाई कांबळे पूर्वी निपाणीच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत. आता त्या बेळगावात खासगी तपास करीत. सोबतीला निवृत्त हवालदार मारुतीराव.

कल्लाप्पा सांबरा विमानतळाच्या टॉवरवर कंट्रोलर होता. विमानांना उतरायची परवानगी त्याच्या तोंडून मिळे. १९८३च्या तपासणीत त्याचे वजन चौऱ्याण्णव किलो भरले. डॉक्टरांनी सहा महिन्यांची मुदत दिली. तेल आणि भात सोडून, रोज चालून तो अठ्ठ्याहत्तरवर आला. पण नाडी एकशेअठरा निघाली, हात थरथरत होते, आणि लघवीत वजन उतरवायच्या गोळीचा अंश सापडला. तसली गोळी घेणाऱ्याला टॉवरवर बसू देत नाहीत. आठ दिवसांनी फेरतपासणी होती. तीही हुकली तर टॉवर कायमचा सुटणार होता.

"असली गोळी मी डोळ्यांनीबी बघितली न्हाय, बाई," तो म्हणाला.

त्याची बायको यल्लव्वा मोकळेपणाने बोलली. दाखला मिळाला तर बढतीवर मुंबईला बदली होणार होती आणि तिला ती नको होती.

"आता हे बारीक झाल्यात. तितल्या बायकांचा काय भरवसा?"

तो काय खातो, असे राजाबाईंनी विचारले. बिनतेलाची भाजी, भाकरी आणि तांबडी चटणी. चटणी दर आठवड्याला कोगनोळीहून थोरला भाऊ भरमा पाठवी. यल्लव्वाला पित्त असल्याने ती चटणीला शिवत नसे.

राजाबाईंनी चमचाभर चटणी पेल्यातल्या पाण्यात टाकली. तळाशी हिरवे कण बसले आणि त्यांच्याभोवतीचे पाणी हिरवट झाले.

"कडीपत्ता," मारुतीराव म्हणाले.

टॉवरवर कल्लाप्पाचा सहकारी नागोजी भेटला. कल्लाप्पा गेला तर त्याची खुर्ची यालाच मिळणार होती. "जळतो की मी त्याच्यावर," तो हसत म्हणाला. "खोटं कशाला बोलू?" रेडिओ बंद पडला तर वैमानिकाला दाखवायचा तांबडा-हिरवा दिवा त्याने दाखवला. रंग ओळखण्याची परीक्षा सगळ्यांना असते आणि त्यात चुकलेल्याला टॉवर मिळत नाही, असे तो म्हणाला.

कोगनोळीला भरमाच्या अंगणात मिरच्यांचा ढीग होता. त्याने आणि म्हाताऱ्या आईने पाहुणचार केला. दोघा भावांनी टॉवरच्या नोकरीसाठी एकाच साली अर्ज केला होता, पण आपण तपासणीत गळालो, एवढेच त्याने सांगितले. राजाबाईंनी पिकलेल्या मिरच्या मागितल्या. एकेक मिरची बोटांनी चेपून बघत त्याने पुडी बांधली. वाटेत मारुतीरावांनी ती उघडली, तर आत चार कच्च्या हिरव्या निघाल्या.

"माणूस चिक्कट दिसतोय," ते म्हणाले.

निपाणीच्या औषधवाल्याने वजनाच्या गोळ्या दाखवल्या. औषध एकच, किंमत एकच. वरचा रंग तांबडा किंवा हिरवा.

तिसऱ्या दिवशी राजाबाईंनी सगळ्यांना कल्लाप्पाच्या घरी बोलावले.

"कडीपत्त्याचा रंग गार पाण्यात उतरत नाही," त्या म्हणाल्या. "गोळीच्या वेष्टणाचा उतरतो. चटणीत गोळ्या कुटल्या होत्या. चटणीत तेच औषध आहे, हे मी तपासून घेतलं आहे. पण तांबड्या चटणीत लपवायला तांबडी गोळी मिळत असताना हिरवी कोण घालील? नागोजी घालणार नाही, तो रंगांच्या परीक्षेत पास झालेला आहे. शिवाय चटणीचा डबा घरी असतो, तिथे त्याचा हात पोचत नाही. यल्लव्वा रोज मिरच्या निवडते, तिलाही फरक कळतो. ही चूक एकच माणूस करील, ज्याला तांबडं आणि हिरवं सारखंच दिसतं. जो मिरचीसुद्धा चेपून निवडतो."

कल्लाप्पाने भावाकडे पाहिले.

"तू डोळ्यांत गळालास, अण्णा? मला तर छाती भरली न्हाय म्हणून सांगितलंतास."

भरमा खाली बघत बोलला. "डोक्यावरनं इमान गेलं की आई अंगणात येती. माझ्या कल्लूनं उतरवलं म्हणती. रोज. मी शेजारीच उभा असतोय. एक दिवस तरी तिनं वर बघू ने, एवढंच वाटलं मला. तू मरावंस असं न्हाय वाटलं."

"आणि माझ्या हातनं चूक होऊन इमानातली माणसं मेली असती तर?"

मग कल्लाप्पाने त्याला बजावले की उद्या डॉक्टरांपुढे यायचे आणि हे सगळे स्वतःच्या तोंडाने सांगायचे. भरमाने मान डोलावली.

"आणि आईला?"

"आईला मी काय सांगणार न्हाय," कल्लाप्पा म्हणाला. "पण हितनं फुडं तुझ्या घरात पाणीबी पिणार न्हाय. का ते तिनं इचारलं, तर तूच सांग."